जहाज सुटल्यावर गुरे कोणाची? 2011 ची निर्यातबंदी आणि नॉर्दर्न टेरिटरीची पशुपालक संघटना

7 जून 2011 रोजी ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे कृषिमंत्री जो लुडविग यांनी एक आदेश काढला आणि इंडोनेशियाला जाणारी जिवंत गुरांची निर्यात सहा महिन्यांपर्यंत बंद केली. महिनाभरात, 6 जुलैला, बंदी उठलीही. तरी तिचा हिशेब पुढे दहा वर्षांहून अधिक काळ चालू राहिला आणि मंत्र्यांचा आदेशच बेकायदा होता, असा निकाल 2020 मध्ये न्यायालयाने दिला. या घटनेबद्दल प्राणीहक्क, व्यापार आणि राजकारण या अंगांनी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला ती एका प्रादेशिक संघटनेच्या बाजूने पाहायची आहे. ही संघटना म्हणजे नॉर्दर्न टेरिटरी कॅटलमेन्स असोसिएशन, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या त्या प्रदेशातल्या गुरे पाळणाऱ्यांची प्रातिनिधिक संस्था. अशा संघटनेचे काम कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे पुढे आणणारे दुसरे प्रकरण मला माहीत नाही.

जून महिना का महत्त्वाचा

नॉर्दर्न टेरिटरीचे क्षेत्रफळ सुमारे 13.5 लाख चौरस किलोमीटर आणि 2011 साली तिथली लोकसंख्या जेमतेम सव्वादोन लाखांच्या वर. जवळजवळ निम्मी जमीन सरकारी भाडेपट्ट्यावर गुरे पाळण्यासाठी दिलेली आहे. या पट्ट्यांना तिथे ‘स्टेशन’ म्हणतात. एकेक स्टेशन हजारो चौरस किलोमीटरचे असू शकते. गुरे मोकळी चरतात आणि वर्षातून एकदा-दोनदा हेलिकॉप्टर, मोटारसायकली आणि घोडे लावून त्यांना हाकून गोळा केले जाते. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस. तेव्हा कच्चे रस्ते बंद असतात, ट्रक हलत नाहीत. म्हणजे वर्षाची सारी कमाई मे ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत करायची. जूनमध्ये गुरे गोळा करण्याची पहिली फेरी भरात असते. हेलिकॉप्टरवाले, ट्रकवाले, हंगामी कामगार ठरवलेले असतात, त्यांच्या पगारापोटी कर्ज उचललेले असते, गुरे कुंपणात आलेली असतात.

इंडोनेशियाला पाठवायच्या गुरांना आणखी एक अट होती. जनावर 350 किलोच्या आतले हवे. ते तिथल्या फीडलॉटमध्ये काही महिने खाऊ घालून वाढवायचे आणि मग कापायचे, अशी ती साखळी. 2010 पासून इंडोनेशियाने ही अट काटेकोर पाळायला सुरुवात केली होती. त्यामुळे ‘आज नाही तर दोन महिन्यांनी विकू’ हा मार्गच उरला नाही. वाढत्या वयाचे खोंड दोन महिन्यांत वजनाची रेघ ओलांडते आणि त्या बाजारातून कायमचे बाद होते.

देशातच का विकली नाहीत? कारण टेरिटरीत तेव्हा इतकी गुरे घेईल असा चालू कत्तलखाना नव्हता. मोठे कत्तलखाने शेजारच्या क्वीन्सलँड राज्याच्या किनाऱ्याला. टेरिटरीची राजधानी आणि बंदर असलेल्या डार्विनहून तिथले टाउन्सव्हिल रस्त्याने सुमारे 2,500 किलोमीटर. शिवाय ही गुरे ब्राह्मण जातीची किंवा तिच्या संकराची असतात. दक्षिणेकडच्या मांसबाजारात त्यांना भाव कमी. (ही जात अमेरिकेत घडली, पण तिच्या मुळाशी गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठची गुरे आहेत. 1933 मध्ये ती ऑस्ट्रेलियात नेली गेली आणि गोचीड, ऊन आणि निकृष्ट चारा सोसण्याच्या गुणावर साऱ्या उत्तर भागात पसरली. इंडोनेशियाच्या हवेत ती टिकते, म्हणूनच हा व्यापार उभा राहिला.) थोडक्यात, एक माल, एक गिऱ्हाईक, एक हंगाम. या तिन्हींवर एकाच आदेशाने घाव घातला.

आदेशामागचे चित्रण

30 मे 2011 च्या संध्याकाळी एबीसी या सार्वजनिक वाहिनीच्या ‘फोर कॉर्नर्स’ कार्यक्रमात इंडोनेशियातल्या काही कत्तलखान्यांतले चित्रण दाखवले गेले. ‘ॲनिमल्स ऑस्ट्रेलिया’ या संस्थेच्या लिन व्हाइट यांनी ते त्याच वर्षी मिळवले होते. ऑस्ट्रेलियातून गेलेल्या गुरांना मारहाण, दोरांनी पाडणे, शुद्धीत असताना पुन्हा पुन्हा सुरी चालवणे असे सगळे त्यात होते. ज्यांनी पाहिले त्यांना झोप लागली नसेल. काही दिवसांत दोन लाखांवर लोकांनी बंदीच्या मागणीवर सह्या केल्या आणि खासदारांच्या कार्यालयांत पत्रांचे ढीग लागले.

सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की, गुरे पाडण्यासाठी वापरले जाणारे काही लोखंडी पिंजरे ऑस्ट्रेलियन उद्योगाच्याच पैशांतून तिथे बसवलेले होते. पूर्वीच्या पद्धतीपेक्षा बरे म्हणून ते दिले गेले. प्रत्यक्षात जनावर बाजूवर कोसळेल अशीच त्यांची रचना होती. त्याआधी, 2010 मध्ये, उद्योगानेच नेमलेल्या तज्ज्ञांच्या पाहणीत कत्तलीच्या वेळच्या त्रुटी नोंदल्या गेल्या होत्या. म्हणजे माहिती कुठेतरी होती. ती स्टेशनवरच्या माणसापर्यंत, त्याला अस्वस्थ करील अशा रूपात पोहोचली नव्हती.

सरकारने आधी जूनच्या सुरुवातीला चित्रणात दिसलेल्या ठरावीक कत्तलखान्यांपुरती बंदी घातली. हा मार्ग योग्य होता. तेवढ्याने जनक्षोभ शमेना, तेव्हा आठवडाभरातच सरसकट बंदी आली. इंडोनेशियाशी नीट बोलणेही झालेले नव्हते. कोट्यवधी लोकांच्या ताटाशी संबंध असलेला निर्णय शेजारी देशाला जवळजवळ बातम्यांतून कळावा, हे फार वाईट झाले.

पाच डॉलर कोणाकडे जातात

इथे थोडे थांबून ऑस्ट्रेलियातली रचना पाहायला हवी. ती कळली नाही तर संघटनेची अडचण कळत नाही.

तिथे जनावर विकले की दर जनावरामागे 5 डॉलर लेव्ही, म्हणजे सक्तीचा उपकर, कायद्याने कापली जाते. 2006 पासून हाच दर आहे. यातला मोठा हिस्सा ‘मीट अँड लाइव्हस्टॉक ऑस्ट्रेलिया’ या कंपनीकडे जातो. तिने संशोधन करायचे, बाजारपेठ वाढवायची. राजकीय वकिली करायला तिला मनाई आहे. जहाजाने गुरे पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या संस्था वेगळ्या, त्यांचे हितसंबंध वेगळे. आणि पशुपालकांच्या संघटना आणखी वेगळ्या. त्यांचे सदस्यत्व ऐच्छिक. लेव्हीतला पैसा त्यांच्या हाती नसतो. त्या वर्गणीवर चालतात.

नॉर्दर्न टेरिटरीची संघटना 1984 मध्ये स्थापन झाली. ॲलिस स्प्रिंग्स, बार्कली, कॅथरीन आणि डार्विनभोवतीचा टॉप एंड अशा तिच्या शाखा. टेरिटरीतल्या गुरांपैकी बहुतेक गुरे तिच्या सदस्यांची. त्यात मोठ्या कंपन्यांची स्टेशने आहेत तशी एका कुटुंबाची आहेत, आणि आदिवासी समूहांच्या मालकीचीही. नेहमीचे काम नीरस म्हणावे असे: भाडेपट्ट्याचे दर, पाणी उपसण्याचे परवाने, रस्त्यांची दुरुस्ती, जमिनीवरचे आदिवासी हक्क आणि पट्टेदार यांच्यातल्या वाटाघाटी, रोगनियंत्रण. देशपातळीवर बोलायला तेव्हा ‘कॅटल कौन्सिल ऑफ ऑस्ट्रेलिया’ होती आणि तिच्याही वर नॅशनल फार्मर्स फेडरेशन.

म्हणजे परदेशातल्या कत्तलखान्यात जाऊन पाहण्याचे काम लेव्हीवर चालणाऱ्या कंपनीचे आणि निर्यातदारांचे. त्याबद्दल जनतेला उत्तर देण्याचे काम मात्र पशुपालक संघटनेच्या अंगावर आले, कारण टीव्हीवर दिसणारे जनावर ‘त्यांचे’ होते. एकाने पैसे खर्चायचे, दुसऱ्याने नफा काढायचा आणि तिसऱ्याने जाब द्यायचा, अशी ही वाटणी. शांततेच्या काळात ती सोयीची वाटते. 30 मेच्या संध्याकाळी ती उघडी पडली.

त्या महिन्यातले काम

अध्यक्ष रोहन सुलिव्हन आणि कार्यकारी प्रमुख ल्यूक बोवेन हे त्या काळात संघटनेचे चेहरे झाले. सुलिव्हन स्वतः पशुपालक. त्यांच्यापुढे दोन आघाड्या होत्या आणि एकीवर बोललेले दुसरीवर उलटण्याचा धोका होता. चित्रणाला क्षुल्लक म्हटले असते तर देशभरातली सहानुभूती संपली असती. निर्यातच चूक असे म्हटले असते तर संघटनेचे सदस्यच देशोधडीला लागले असते. संघटनेने जी भूमिका घेतली ती मधली नव्हती, नेमकी होती: हे पाहून आम्हालाही धक्का बसला आहे, दोषी कत्तलखाने बंद करा, पण ज्या साखळ्यांत जनावर जहाजापासून सुरीपर्यंत एकाच व्यवस्थापनाखाली असते आणि मानके पाळली जातात, त्या चालू राहू द्या.

नऊ वर्षांनी न्यायालयाने जे म्हटले त्याचा गाभा हाच होता. घटनेच्या धुरळ्यात, शहरी वर्तमानपत्रे अंगावर आलेली असताना ही भूमिका धरून ठेवणे सोपे नव्हते.

दुसरे काम कमी दिसले, पण माझ्या मते ते जास्त मोलाचे. बंदीचा फटका राजधानी कॅनबेरात आकड्यांत मोजला जात होता. संघटनेने तो माणसांत मोजून दाखवला. निर्यातदार कंपनीचे नुकसान जहाजांच्या फेऱ्यांवरून कळते. पण गुरे हाकणाऱ्या कंत्राटदाराची टोळी, एकच हेलिकॉप्टर बाळगणारा वैमानिक, रोड ट्रेन (अनेक डबे जोडलेला लांबलचक ट्रक) चालवणारा, बंदराजवळच्या तळावर चारा पुरवणारा, आदिवासी स्टेशनवर पहिल्यांदाच पगारी कामाला लागलेला तरुण, यांची नोंद कुठल्याच सरकारी तक्त्यात आपोआप होत नाही. हजार किलोमीटरवर विखुरलेल्या या लोकांना कोण ओळखते? शाखेचा पदाधिकारी ओळखतो, कारण तो त्यांच्याकडूनच काम करून घेतो. महिनाअखेरीस, 30 जूनला, सरकारने 30 दशलक्ष डॉलरचे साहाय्य जाहीर केले. झालेल्या नुकसानीपुढे ते अपुरे होते. तरी ते केवळ गुरांच्या मालकांपुरते राहिले नाही, यामागे अशी माहिती होती.

6 जुलैला बंदी उठली ती नव्या अटींसह. निर्यातदार पुरवठा साखळी हमी व्यवस्था असे तिचे नाव. प्रत्येक जनावराचा माग कत्तलीपर्यंत लावता आला पाहिजे, साखळीतल्या प्रत्येक टप्प्यावर निर्यातदाराचे नियंत्रण पाहिजे, आंतरराष्ट्रीय पशुकल्याण मानके पाळली पाहिजेत आणि स्वतंत्र तपासणी झाली पाहिजे. पहिली जहाजे ऑगस्टमध्ये निघाली. पुढे 2012 अखेरपर्यंत ही व्यवस्था ऑस्ट्रेलियाच्या सगळ्या जिवंत जनावरांच्या बाजारांना लागू झाली. गुरांच्या कानातला इलेक्ट्रॉनिक बिल्ला देशात आधीपासून सक्तीचा होता. तोच आता समुद्रापलीकडे उपयोगी पडला. पशुपालकांनी एकेकाळी खर्चिक म्हणून कुरकूर केलेली गोष्ट त्यांच्या बाजाराचा आधार बनली.

बंदीनंतरची बंदी

बंदी उठल्याने बाजार परत आला नाही. 2010 मध्ये इंडोनेशियाला सुमारे 5.2 लाख गुरे गेली होती. 2012 मध्ये हा आकडा 2.8 लाखांच्या आसपास आला. याचे सगळे खापर त्या एका आदेशावर फोडणे बरोबर नाही. 2014 पर्यंत मांसाच्या बाबतीत स्वयंपूर्ण व्हायचे, असे इंडोनेशियाने आधीच ठरवले होते आणि आयात परवाने तो आखडत होताच. पण ज्या पुरवठादाराने एका सकाळी न सांगता दार लावून घेतले, त्याच्यावर विसंबायचे का, हा प्रश्न जकार्तात विचारणाऱ्यांना आता उत्तर तयार मिळाले. नको असलेली, वजनाबाहेर गेलेली गुरे टेरिटरीत चरत राहिली, कुरणांवर ताण आला, बरीच गुरे पडत्या भावात पूर्वेकडे गेली.

‘आपलाच कत्तलखाना हवा’ ही मागणी यातूनच जोर धरू लागली. डार्विनजवळ लिव्हिंगस्टोन येथे एका मोठ्या पशुपालन कंपनीने 2014 मध्ये तो उभारलाही. 2018 मध्ये तो बंद ठेवावा लागला. मजुरी, वीज, अंतर आणि पावसाळ्यात गुरे न मिळणे, हे गणित जमले नाही. संकटाला भावनेच्या भरात शोधलेले उत्तर पैशांच्या कसोटीवर टिकत नाही, याचा हा दाखला संघटनेने जपून ठेवावा असा आहे. ‘दुसरा बाजार शोधा’ असा सल्ला देणाऱ्यांनीही तो पाहावा.

मग इंडोनेशियाशी तुटलेला धागा जोडला कोणी? सरकारे जोडत होतीच. पण 2012 मध्ये संघटनेने एक लहान दिसणारा उपक्रम सुरू केला. इंडोनेशियातल्या विद्यापीठांत पशुविज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना काही आठवडे टेरिटरीतल्या स्टेशनांवर आणायचे, कुटुंबांबरोबर ठेवायचे, गुरे हाताळायला, कुंपण घालायला, घोड्यावर बसायला शिकवायचे. जावा किंवा सुमात्रातून आलेली, डोक्यावर हिजाब बांधलेली विद्यार्थिनी आणि तिला गुरांच्या कुंपणात उभे राहण्याची जागा दाखवणारा स्टेशनवरचा माणूस, अशा जोड्या त्यातून तयार झाल्या. या मुलांपैकी काही पुढे फीडलॉटमध्ये, सरकारी खात्यांत, कंपन्यांत गेली.

मला हा उपक्रम या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. गुरे पाळणाऱ्यांना तोपर्यंत आपला माल कुठे जातो हे व्यापाऱ्याकडून कळत होते. आता त्यांच्या स्वयंपाकघरातच तिकडची माणसे बसू लागली. पशुकल्याणाबद्दल इकडच्यांना प्रश्न पडला तर विचारायला ओळखीचे माणूस, आणि तिकडच्यांना पुरवठ्याची चिंता वाटली तर फोन करायला नंबर. निर्यातदाराला याची गरज नसते, त्याचे तिथे कार्यालय असते. सरकारला हे करता येत नाही, कारण पाहुण्याला घरी ठेवणे हे खात्याचे काम नव्हे. पशुपालक संघटनेलाच हे शक्य होते, आणि 2011 च्या आधी हे सुचले असते तर तो मे महिना कदाचित वेगळा गेला असता.

न्यायालयातली वाट

नुकसानभरपाईचा दावा संघटनेने स्वतः केला नाही. तिचे स्वतःचे जनावर एकही नाही, त्यामुळे नुकसान सिद्ध करणार कसे? 2014 मध्ये वॉटरलू स्टेशन चालवणाऱ्या ब्रेट कॅटल कंपनीने सर्व बाधितांच्या वतीने सामूहिक दावा दाखल केला. पाठबळ दिले ऑस्ट्रेलियन फार्मर्स फायटिंग फंडाने. 1985 मध्ये शेतकऱ्यांनी वर्गणी काढून उभारलेला हा निधी अशाच लढ्यांसाठी आहे. संघटनेकडे राहिले ते पुरावे आणि सदस्यांची साथ टिकवून धरण्याचे काम, जे खटला लांबत जातो तसे अवघड होते.

2 जून 2020 रोजी फेडरल कोर्टाचे न्यायमूर्ती स्टीव्हन रेअर्स यांनी निकाल दिला. दुसरा, सरसकट आदेश अवैध होता. त्यात नियम पाळणाऱ्या निर्यातदाराला सूट देण्याची तरतूदच ठेवलेली नव्हती, आणि त्या आदेशाच्या वैधतेबद्दल शंका आहे हे माहीत असूनही मंत्र्यांनी बेपर्वाईने तो काढला, म्हणून हा सार्वजनिक पदाचा गैरवापर ठरतो. ब्रेट कंपनीला सुमारे 29 लाख डॉलर मंजूर झाले. पदावरच्या मंत्र्याविरुद्ध असा निष्कर्ष फार क्वचित निघतो. सरकारने अपील करू नये म्हणून संघटनेने आणि नॅशनल फार्मर्स फेडरेशनने जोर लावला आणि सरकारने अपील केले नाही. त्यानंतरही इतर बाधितांच्या रकमेवर घोळ चालूच राहिला. 2022 च्या अखेरीस सरकारने 215 दशलक्ष डॉलर देऊ केले, दावेदारांची मागणी 510 दशलक्षांची होती.

हा विजय मोठा आहे, यात शंका नाही. पुढच्या कुठल्याही मंत्र्याला एका फटक्यात सगळा व्यापार बंद करताना हा निकाल वाचावा लागेल. पण संघटनेच्या भूमिकेचा विचार करताना मला त्याची एक बाजू खुपते. खटल्याने सारे लक्ष मंत्र्याच्या चुकीवर खिळले. सदस्यांच्या बैठकांत वर्षानुवर्षे बोलायला एक शत्रू मिळाला. मंत्र्याची चूक सिद्ध झाल्याने ते चित्रण खोटे ठरत नाही. न्यायालयानेही तसे म्हटलेले नाही. ज्या जनावराला आपण वासरू असल्यापासून पाहिले, दुष्काळात पाणी पोहोचवले, त्याचा शेवट कसा होतो हे न विचारण्याची सवय उद्योगाला लागली होती, आणि ती सोडायला लावणे हे बाहेरच्या संस्थेने केले. ही गोष्ट सदस्यांना तोंडावर सांगण्याची ताकद निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांत असावी लागते. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेत ते किती कठीण असते, हे गावातल्या सहकारी सोसायटीत बसलेल्या कुणालाही समजेल. तरीही सांगितले पाहिजे.

पुन्हा तीच कसोटी, वेगळ्या रूपात

2022 मध्ये इंडोनेशियात आधी लम्पी त्वचारोग आणि पाठोपाठ लाळ्या-खुरकूत आढळला. जुलैपर्यंत खुरकूत बालीत पोहोचला होता आणि बालीहून डार्विनला थेट विमाने येतात. पर्यटकाच्या चपलेला लागून हा विषाणू आला असता तर टेरिटरीचाच नव्हे, साऱ्या ऑस्ट्रेलियाचा मांसव्यापार थांबला असता. देशात ‘बालीची विमाने बंद करा’ अशी ओरड सुरू झाली. 2011 सारखेच वातावरण, फक्त या वेळी धोका उलट दिशेने येणारा.

या वेळी बंदी आली नाही. विमानतळांवर जंतुनाशक पायपुसणी आली, तपासणी कडक झाली आणि ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाला खुरकुताच्या 10 लाख लसमात्रा देऊ केल्या. शेजाऱ्याच्या गोठ्यातला रोग तिथेच आटोक्यात आणणे हे आपल्या गोठ्याच्या हिताचे, हा विचार उत्तरेकडच्या पशुपालकांना पटवायला फार कष्ट पडले नाहीत, कारण त्यांच्यातल्या अनेकांच्या घरी तिकडची मुले राहून गेली होती. 2023 च्या जुलैत इंडोनेशियानेच लम्पीच्या संशयावरून, निर्यातीपूर्वी गुरे ठेवतात अशा ऑस्ट्रेलियातल्या चार तळांवरून येणारी गुरे थांबवली. उरलेल्या तळांवरून निर्यात चालू राहिली, दोन्ही देशांचे तज्ज्ञ भेटले, तपासण्या झाल्या, आणि काही आठवड्यांत ते चारही तळ पुन्हा खुले झाले. दोष असल्याचा संशय असलेली ठिकाणे थांबवायची आणि बाकीचा व्यवहार चालू ठेवायचा, हेच 2011 च्या जूनमध्ये संघटना कॅनबेराला सांगत होती.